कंपनीची परीक्षा

जळगावात आमची एक छोटी कंपनी आहे. कंपनी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर शेड, यंत्रं आणि भोंगा येतो. आमच्याकडे औषधांच्या दुकानावरच्या दोन खोल्या, एक प्रोजेक्टर आणि हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढी माणसं आहेत. कारखान्यांतले सुपरवायझर, सहकारी बँकांचे शाखाधिकारी, दालमिलवाल्यांची आणि जिनिंगवाल्यांची पुढची पिढी, यांना आम्ही हाताखालच्या माणसांशी कसं वागावं, काम कसं वाटावं, रागावण्याआधी काय विचारावं, हे शिकवतो. व्हिजिटिंग कार्डावर त्याला मॅनेजमेंट ट्रेनिंग म्हटलंय. माझ्या सासूबाई शेजारणींना सांगतात, "कारखान्यात जाऊन साहेबांना नीट बोलायला शिकवते."

कंपनी दोघांची. एक मी, दुसरे भाऊ. ते माझ्या नात्यातले नाहीत. मूळचे असोद्याचे, माझ्याहून वयाने बरेच मोठे, आणि जळगावात त्यांना ओळखणारा प्रत्येक जण त्यांना भाऊच म्हणतो. कॉलेज संपवून मी एका कारखान्याच्या कार्मिक विभागात लागले तेव्हा भाऊ त्या विभागाचे प्रमुख होते. माणसांचं काम मी त्यांच्याकडेच शिकले. कुणाला मेमो द्यायचा असला की भाऊ आधी त्या माणसाच्या घरी जाऊन चहा पिऊन येत. बऱ्याचदा मग मेमो लागायचाच नाही.

त्या कारखान्याचे जुने मालक भले गृहस्थ होते. यावलच्या बाजूने येणाऱ्या कामगारांसाठी, त्यातही बायकांसाठी, त्यांनी एक बस ठेवली होती. बस काही कायद्याने द्यावी लागत नव्हती. मालकांना वाटलं म्हणून ती सुरू झाली आणि त्यांना वाटत होतं तोवर चालली. ते गेले, वारसांनी कारखाना विकला, आणि नव्या व्यवस्थापनाने काही महिन्यांतच बस बंद केली. भाऊ आणि मी नव्या मॅनेजरांना भेटायला गेलो. ते उद्धट नव्हते. त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं, सरबत मागवलं आणि विचारलं, "बस द्यायचं ठरलं होतं म्हणता, पण हे लिहिलंय कुठे?"

कुठेच लिहिलेलं नव्हतं. गावाकडच्या कितीतरी बायकांनी त्या वर्षी काम सोडलं. त्यातल्या एकीने गेटवर माझा हात धरून विचारलं होतं, "मॅडम, आम्ही काय चुकलो?" भाऊंनी त्याच महिन्यात राजीनामा दिला, मीही फार थांबले नाही. आमची कंपनी त्यातून निघाली.

ही झाली जुनी गोष्ट. आता मुद्द्याचं.

पुण्यात एका परिषदेला गेले असताना मला एका प्रमाणपत्राबद्दल कळलं. परदेशातली एक संस्था ते देते. तुमचा माल कसा आहे हे ती बघत नाही, कंपनी कशी वागते ते बघते. कामाला असलेल्या माणसांशी, गावाशी, पाण्याशी, कचऱ्याशी. असल्या गोष्टी मी पुष्कळ ऐकल्या होत्या, तेव्हा अर्धं लक्ष जेवणाच्या रांगेकडे होतं. पण बोलणाऱ्या बाई पुढे म्हणाल्या की नुसतं वागून भागत नाही. कंपनीची जी मूळ घटना असते, ज्याला सीए लोक आर्टिकल्स म्हणतात, त्यात लिहावं लागतं की संचालक निर्णय घेताना नफ्याइतकाच कामगारांचा, समाजाचा आणि निसर्गाचा विचार करतील. मालक बदलले तरी ते वाक्य तिथेच राहतं. काढायचं तर सगळ्यांना सांगून, ठराव करून काढावं लागतं.

मला ती बस आठवली. परतीच्या प्रवासात नाशिक येईपर्यंत मी ठरवून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊंना सांगितलं. ते खिडकीपाशी उभे राहून कूलरमध्ये पाणी भरत होते. बादली पूर्ण रिकामी केली आणि मग वळले.

"आपण दोघांनी त्या कारखान्यात किती प्रमाणपत्रं फ्रेम करून लावली?" त्यांनी विचारलं. "रिसेप्शनची भिंत भरली होती. एकानं तरी बस वाचवली का?"

"ती मालाची होती भाऊ. हे वागण्याचं आहे."

"वागण्याला कसलं प्रमाणपत्र? शेजाऱ्याला विचारावं अन् मोकळं व्हावं."

"शेजारी किती दिवस सांगत बसेल? तुम्ही थकाल, मी थकेन. उद्या ही कंपनी दुसऱ्या कुणाच्या हातात गेली तर?"

"कागदावर लिहून माणूस चांगला होत नसतो, बाई." भाऊ चिडले की असोद्याच्या बोलीवर जातात, आणि ते गेलेच. "तुले करायचं तर कर. मले त्यात ओढू नको. सही मी करणार नाही."

दोनच संचालक, त्यामुळे त्यांच्या सहीशिवाय घटना बदलणं शक्य नव्हतं. पण अर्ज करायला, उत्तरं भरायला, पुरावे जमवायला सहीची गरज नव्हती. मी त्या भागापासून सुरुवात केली. सहीचं पुढे बघू, असं मनाशी म्हणाले. भाऊंना मी पंचवीसेक वर्षं ओळखते. ते नाही म्हणतात तेव्हा त्यांचा विचार संपलेला नसतो.

मुंबईतले एक सल्लागार ही कामं करून देतात असं कळलं, म्हणून फोन केला. समोरच्या गृहस्थांनी आधी गाव विचारलं. मग म्हणाले, "जळगाव? मॅडम, तिथे याची व्हॅल्यू कुणाला आहे? तुमचे क्लायंट तरी विचारतात का?" विचारत नव्हते हे खरंच होतं. मी आभार मानून फोन ठेवला आणि आपलं आपण करायचं ठरवलं.

या कामात माझ्यासोबत आमची एक तरुण प्रशिक्षक होती. यावलची मुलगी. तिथल्या केळीच्या बागायतदाराच्या घरातली, जळगावात एमबीए केलेली, आणि बोलायला अशी की चाळीस फोरमन खुर्चीत सरळ बसतात. ती आमच्याकडे कायम नव्हती. कार्यक्रम असेल त्या दिवसाचं मानधन, अशी व्यवस्था होती. आमच्या धंद्यात बहुतेक सगळीकडे तशीच असते. ती रोज यावलहून एसटीने यायची. उत्तरं भरायच्या कामाला तीच आपणहून बसली. म्हणाली, "ताई, मला हे शिकायचंय. पुढे इथले कारखानेही मागतील."

प्रश्न वाचायला सोपे होते. तुम्ही वीज किती वापरता? पाणी किती? तुमचा कचरा कुठे जातो? विजेचं मीटर घरमालकांचं आणि आमचं एकच होतं. महिन्याला अंदाजाने वाटणी व्हायची. वेगळं मीटर बसवू द्या म्हणून विचारायला मी खाली गेले, तर घरमालक आबा, खालचं औषधांचं दुकान त्यांचंच, जे एरवी दिवाळीला घरचं फराळाचं ताट पाठवतात, ते एकदम दुखावले.

"एवढ्या वर्षांत मी कधी जास्त मागितलं का?"

"नाही हो आबा. आम्हाला फक्त मोजायचंय."

"मोजायचं म्हणजे संशय आला ना!"

मी त्यांना समजावलं, परदेशातली संस्था, पर्यावरण, सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा हलेना. शेवटी यावलच्या मुलीने वेगळाच मार्ग काढला. ती म्हणाली, "आबा, मीटर लागलं की आम्ही कूलर जास्त चालवतो की तुमचं दुकान, ते कळेल. आम्ही जास्त चालवत असलो तर?" आबांनी चष्म्यातून तिच्याकडे बघितलं. मीटर त्याच आठवड्यात बसलं.

बाकी गोष्टी एकेक करून बदलत गेल्या. कार्यक्रमांत पाण्याच्या छोट्या बाटल्या बंद केल्या. स्टीलचे पेले आणि माठ सोबत न्यायला लागलो. प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेले पुष्पगुच्छ बंद केले. मधल्या चहाला बिस्किटांच्या पुड्यांऐवजी केळी ठेवली, तेव्हा पहिल्यांदा भाऊंनी या प्रकरणात तोंड घातलं.

"जळगावात पाहुण्याला केळी? लोक म्हणतील, घरात काही नव्हतं म्हणून झाडाचं तोडून दिलं."

लोक तसं म्हणालेच. एका बँकेच्या अधिकाऱ्याने ताटातलं केळ उचलून विचारलं, "मॅडम, आमच्याच शेतातलं आम्हालाच?" सगळे हसले आणि सगळ्यांनी खाल्लं.

वर्ष संपत आलं तेव्हा आम्ही अर्ज पाठवला. संस्थेच्या बाईंशी व्हिडिओवर बोलणं झालं. त्यांनी पुरावे मागितले, आम्ही होते ते दिले. आमच्याकडे पुरावे कमीच होते. भाऊंची सगळी माणुसकी तोंडी. कुणाच्या आईच्या आजारपणात महिनाभर सुट्टी दिली, हे खरं, पण दाखवणार काय? कुणाच्या तरी आईचा फोटो?

निकाल आला तेव्हा आम्ही तिघंही ऑफिसात होतो. मी मनातल्या मनात वाचला आणि लॅपटॉप थोडा खाली केला.

"काय झालं?" भाऊंनी विचारलं.

"नाही मिळालं. लागतात त्यापेक्षा गुण कमी पडले."

मला वाटलं होतं भाऊ म्हणतील, सांगितलं होतं ना. त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. मग विचारलं, "म्हणजे आपण नापास?"

"तसंच समजा."

"नापास?" त्यांचा आवाज चढला. "आयुष्यभर लोकांना शिकवलं अन् आपूनच नापास? कशात कमी पडलो? वाच. मोठ्यानं वाच."

मी वाचत गेले, ते ऐकत गेले. पाण्यात, कचऱ्यात आम्ही बरे होतो. शिकवण्याच्या परिणामात तर चांगले होतो. कमी पडलो होतो ते दोन ठिकाणी. एक, कंपनीच्या घटनेत काही लिहिलेलं नव्हतं. दुसरं, आमच्यासाठी काम करणाऱ्या माणसांच्या बाबतीत. हे दुसरं ऐकताना भाऊंचा चेहरा उतरला. त्यांनी आयुष्यभर ज्या एका गोष्टीचा अभिमान बाळगला तीच ती होती.

"हे चूक लिहिलंय," ते म्हणाले. "आपण माणसांना काय कमी करतो? विचार हिला." त्यांनी यावलच्या मुलीकडे हात केला. "बोल, तुला कधी काही कमी पडलं?"

ती उभी राहिली, मग खाली बसली. मला वाटलं, आता ही नाही म्हणून मोकळी होईल.

"भाऊ, तुम्ही मला मुलीसारखं वागवता," ती म्हणाली. "पण माझं लग्न ठरतंय. सासरचे विचारतात, नोकरी आहे का? मी म्हणते, आहे. ते म्हणतात, पत्र दाखव. माझ्याकडे पत्र नाही. उद्या मला मूल झालं तर सुट्टी मिळेल का, हे तुमच्या मनावर आहे. तुम्ही द्याल, मला खात्री आहे. पण मला खात्रीवर नको. मला कायम करा."

भाऊंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"हे आधी का नाही बोललीस?"

"तुम्ही विचारलं नाही, आणि मागायचं कुठे ते ठरलेलं नव्हतं."

भाऊ त्या दिवशी जेवायला घरी गेले ते संध्याकाळपर्यंत परत आले नाहीत. मला काळजी वाटली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचले तर ते आधीच येऊन बसले होते, आणि समोर आमचे सीए. भाऊंनी मला खुर्ची दाखवली.

"यांना म्हटलं, घटनेत काय घालायचं ते मराठीत सांगा, मग इंग्रजीत लिहा. मला कळल्याशिवाय सही नाही."

सीएंनी मराठीत सांगितलं. भाऊंनी त्यात एक शब्द बदलायला लावला. 'विचार करतील' ऐवजी 'विचार करणे बंधनकारक राहील'. सही करताना ते मला म्हणाले, "माणूस कागदानं चांगला होत नाही, हे मी अजूनही म्हणतो. पण चांगल्या माणसाच्या मागून येणाऱ्याला कागद लागतो." मग सीएंना म्हणाले, "आता हिच्या नेमणुकीचं पत्र करा. त्या पोरीच्या. अन् बाकी जे कुणी रोजावर येतात त्या सगळ्यांना बोलवा. ज्याला कायम व्हायचं त्याला करू."

सगळ्यांना व्हायचं नव्हतं. एका निवृत्त प्राध्यापकांना रोजाचंच बरं वाटत होतं, ते तसेच राहिले. बाकीच्यांना पत्रं दिली.

त्या दिवसापासून हे काम भाऊंचं झालं. पास व्हायचंच, एवढं एकच त्यांच्या डोक्यात. धुळ्याला जायचं असलं की आम्ही गाडी करत असू. भाऊ म्हणाले, एसटी आहे की. मे महिन्यात, सत्तरीकडे झुकलेला माणूस, एरंडोल-पारोळा करत एसटीने धुळ्याला. मी म्हटलं, भाऊ, उन्हाळाभर तरी गाडी करू. त्यांनी पंचा डोक्याला बांधला आणि पहिली बस पकडली, म्हणजे ऊन चढायच्या आत पोचता येईल. मग सगळ्यांसाठीच उन्हाळ्याचे कार्यक्रम सकाळी लवकर ठेवायचा नियम केला. कारखान्यांना ते आवडलं, कारण दुपारी त्यांच्याही शेडमध्ये उभं राहवत नाही.

आमची खरी कसोटी धुळ्यालाच लागली. तिथल्या एका कारखान्याचे मालक आमचे जुने ग्राहक. दरवर्षी त्यांच्याकडे सुपरवायझरांसाठी मोठा कार्यक्रम व्हायचा आणि दरवर्षी आम्ही त्यासाठी फ्लेक्स छापायचो. डाव्या बाजूला मालकांचा हात जोडलेला फोटो, उजवीकडे कार्यक्रमाचं नाव. कार्यक्रम संपला की फ्लेक्स कचऱ्यात, नाहीतर कुणाच्या तरी गोठ्यावर. आम्ही आमच्या धोरणात लिहून टाकलं होतं की आमच्या कुठल्याही कार्यक्रमात फ्लेक्स नसेल. जळगावात एक पेंटर आहेत, फ्लेक्स आल्यापासून त्यांना काम कमी. त्यांच्याकडून आम्ही कापडावर सुंदर अक्षरांत कार्यक्रमाचं नाव काढून घेतलं. तारीख नाही, फोटो नाही, म्हणजे पुन्हा पुन्हा वापरता येतं.

आम्ही पोचलो तर हॉलमध्ये स्टेजच्या मागे फ्लेक्स लागलेला. आमच्या आधीच्या फ्लेक्सच्या दुप्पट. मालकांनी स्वतः धुळ्यात छापून घेतला होता.

मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं की हा उतरवावा लागेल. त्यांना आधी गंमत वाटली. मग कळलं की मी गंमत करत नाहीये.

"मॅडम, फ्लेक्स माझा, हॉल माझा, तुमचा खर्च काय त्यात?"

"खर्चाचा प्रश्न नाही. आम्ही लिहून दिलंय की आमच्या कार्यक्रमात हे नसेल."

ते भाऊंकडे वळले आणि अहिराणीत म्हणाले, "भाऊ, फोटो नही ते कार्यक्रम कसा? बठ्ठा लोके येल शेतस. काय सांगू मी त्यास्ले?"

सगळे लोक आलेत म्हटल्यावर मला वाटलं भाऊ मध्यम मार्ग काढतील. तो त्यांचा स्वभाव. या वर्षी राहू द्या, पुढल्या वर्षी बघू, असं काहीतरी. भाऊ पुढे झाले, त्यांनी मालकांच्या खांद्यावर हात ठेवला.

"तुमच्या लोकांना तुमचा चेहरा रोज दिसतो," ते म्हणाले. "तुम्ही आज पहिल्या ओळीत बसा. पूर्ण दिवस. फोन बंद. ते फ्लेक्सपेक्षा मोठं दिसेल."

"आणि नाही काढला तर?"

"तर आम्ही दुपारच्या गाडीनं जाऊ. भांडण नाही, चहा पिऊन जाऊ."

मालक हॉलबाहेर गेले. सुपरवायझर येऊन बसायला लागले होते आणि आम्ही दोघं रिकाम्या हातांनी स्टेजच्या कडेला उभे. हा ग्राहक गेला असता तर पुढचे महिने जड गेले असते. यावलच्या मुलीने मात्र शांतपणे माठ भरला, पेले मांडले आणि कापडाची घडी उघडून हातात धरून उभी राहिली. थोड्या वेळाने दोन माणसं शिडी घेऊन आली. फ्लेक्स उतरला आणि बाहेर कारखान्याच्या गेटवर लागला. गेट आमच्या धोरणात नव्हतं.

मालक पहिल्या ओळीत बसले खरे, पण दिवसभर हाताची घडी घालून. कार्यक्रम चांगला झाला. पुढच्या वर्षी त्यांनी आम्हाला बोलावलं नाही. मी स्वतः जाऊन भेटले, त्यांनी चहा दिला आणि विषय काढू दिला नाही. ती जागा भरून काढायला आम्हाला पारोळ्यापासून चोपड्यापर्यंत बरीच दारं ठोठावावी लागली. ठोठावली. भाऊ म्हणायचे, "आता मागं फिरलो तर तो फ्लेक्स फुकट उतरवला."

दुसऱ्यांदा अर्ज केला तेव्हा व्हिडिओवर दुसरेच गृहस्थ होते, तरुण, इंग्रजी बोलणारे, प्रत्येक उत्तरानंतर टाइप करत बसणारे. त्यांनी विचारलं, तुमच्या शिकवण्याचा फायदा सुपरवायझरांच्या हाताखालच्या कामगारांना होतो, हे तुम्हाला कसं कळतं? भाऊंनी मला भाषांतर करू दिलं नाही. आपल्या इंग्रजीत सांगितलं की काही महिन्यांनी आम्ही परत जातो, सुपरवायझरला बाहेर चहाला पाठवतो आणि कामगारांशी बोलतो. "सुपरवायझर गुड ऑर नॉट गुड, वर्कर नोज," ते म्हणाले. आता ते सगळं यावलच्या मुलीने नीट लिहून ठेवलेलं होतं, तिने ते पडद्यावर दाखवलं. गृहस्थ टाइप करत राहिले. मध्येच लाइट गेली. पंखा थांबला, फोनच्या इंटरनेटवर चित्र अडकत अडकत चालू राहिलं.

"वन मिनिट," भाऊ घाम पुसत म्हणाले. "लाइट गॉन. धिस इज ऑल्सो अवर एन्व्हायर्नमेंट."

ते गृहस्थ पहिल्यांदा हसले.

उत्तर यायला वेळ लागला. मधल्या काळात भाऊ रोज सकाळी आल्या आल्या विचारायचे, "आला का निकाल?" आणि मी नाही म्हटलं की आतल्या खोलीत जाऊन उगाच खुर्च्या सरळ करायचे. यावलच्या मुलीचं लग्न त्याच काळात झालं. आम्ही यावलला गेलो, मांडवात भाऊंनी तिच्या सासऱ्यांना बाजूला घेऊन बराच वेळ काहीतरी सांगितलं. काय सांगितलं ते मला कधी कळलं नाही, पण लग्नानंतर ती पंधरवड्यातच कामावर रुजू झाली.

निकाल आला त्या दिवशी मी मोठ्यानेच वाचला. भाऊ ऐकून घेऊन म्हणाले, "पुन्हा वाच." मी पुन्हा वाचलं. मग ते खाली गेले आणि घरमालक आबांना, औषधाच्या दुकानातल्या मुलांना, समोरच्या चहावाल्याला सांगून आले की कंपनी पास झाली. कुणाला नक्की काय ते कळलं नाही, पण सगळ्यांनी अभिनंदन केलं. चहावाल्याने विचारलं, "कितवा नंबर आला?" भाऊ म्हणाले, "नंबर नसतो यात. पास असतं नाहीतर नापास." मला मात्र जिन्यातच बसावंसं वाटलं, आणि मी बसले. त्या बाईने गेटवर हात धरून विचारलेल्या प्रश्नाला हे उत्तर नव्हतं, हे मला ठाऊक होतं. ज्या बायकांनी काम सोडलं त्या काही परत येणार नव्हत्या. पण निदान आमच्या दोन खोल्यांपुरतं तरी, उद्या कुणीही आला तरी त्याला एक वाक्य ओलांडून जावं लागेल.

प्रमाणपत्राने आमचं नशीब पालटलं वगैरे काही झालं नाही. दोन-तीन कामं त्यामुळे मिळाली असतील. दर काही वर्षांनी ते पुन्हा मिळवावं लागतं, अटी वाढत जातात, आणि त्या वाढल्या की भाऊ कुरकुरतात आणि कामाला लागतात. आता ते आठवड्यातून दोनच दिवस येतात.

मागच्या हिवाळ्यात बोदवडहून फोन आला. कापसातली सरकी काढणारी जिनिंग दोघे सख्खे भाऊ चालवतात. त्यांची रुई पुढे ज्यांना जाते त्यांनी विचारायला सुरुवात केली होती की तुमच्याकडे माणसांना कसं वागवता. त्यांना आमच्यासारखं करायचं होतं. मी आणि यावलची मुलगी सकाळच्या गाडीने निघालो. आता तिला मुलगी म्हणायचं जिवावर येतं, कारण तिच्या हाताखाली दोन जण आहेत. बोदवडच्या स्टेशनावर जिनिंगचा माणूस मोटरसायकल घेऊन आला होता. आम्ही म्हटलं, चालत येतो, जवळच आहे.

आवारात कापसाचे ढीग होते आणि हवेत तंतू. मालकांनी आम्हाला थेट केबिनमध्ये न्यायचा बेत केला होता, टेबलावर काजू मांडलेले दिसत होते. ती त्यांना म्हणाली, "आधी बायकांशी बोलू द्या. तुम्ही नंतर." दोघे मालक एकमेकांकडे बघून बाजूला झाले. शेडच्या सावलीत कापूस निवडणाऱ्या बायका बसल्या होत्या, नाकावर पदर बांधलेला. ती त्यांच्यात जाऊन खालीच बसली आणि मलाही ओढून बसवलं. पाणी कुठे पिता, धुळीने खोकला येतो का, घरी जायला काय आहे, असं ती एकेक विचारत गेली. मग कडेला बसलेल्या एकीने पदर सोडला, घसा साफ केला, आणि सांगायला सुरुवात केली.